अँटिबायोटिकमुळे क्लोझापीनचा परिणाम वाढला. यात आतड्यातील जीवाणूंचा हात असू शकतो का?

नीराकाठ

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधीच्या दोन-तीन औषधांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापीन सुरू केले आणि त्यानंतर त्याची प्रकृती हळूहळू स्थिरावली. आता तो घरात सगळ्यांशी बोलतो, सकाळी कुणी न सांगता आंघोळ उरकतो आणि वडिलांबरोबर दुकानात जाऊन बसतो. ज्यांनी घरात हा आजार पाहिला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको.

पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याला ताप आणि जुलाब झाले. जवळच्या दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल यांची एकत्र गोळी मिळाली. जुलाब थांबले, पण भावाला विलक्षण गुंगी येऊ लागली. जेवताना घास हातातच राहायचा आणि डोळे मिटायचे, सकाळी उशी लाळेने भिजलेली असायची आणि अंथरुणातून उठताना त्याचा तोल जायचा. क्लोझापीनची मात्रा मात्र पूर्वीचीच होती. मी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी ते अँटिबायोटिक लगेच बदलून घ्यायला सांगितले, क्लोझापीनची मात्रा काही काळापुरती कमी केली आणि तो पुन्हा पूर्वीसारखा झाला. "अँटिबायोटिकमुळे झाले" एवढे त्यांनी सांगितले. ओपीडीच्या गर्दीत त्यापुढे विचारण्याची सोय नव्हती.

आतड्यातील काही जीवाणू औषधे स्वतःच्या पेशीत साठवून ठेवतात किंवा त्यांचे विघटन करतात, असे मध्यंतरी वाचनात आले. म्हणजे अँटिबायोटिकने हे जीवाणू मारले, त्यामुळे एरवी त्यांच्या वाट्याला जाणारे औषधही भावाच्या रक्तात गेले, असे घडले असेल का? औषधांच्या दुकानातील गृहस्थ रोज एक प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जीवाणूंची) कॅप्सूल द्या म्हणतात, तर आमच्या काकूंचा आग्रह आहे की अशा औषधांवर दही-ताक पूर्ण बंद करावे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे मला समजत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

मात्रा

मी औषधशास्त्र शिकवतो. आपण डॉक्टरांना वेळेवर फोन केलात हे फार चांगले झाले, कारण क्लोझापीनची पातळी याहून चढली असती तर फिट येण्याचाही धोका होता.

आपल्या भावाच्या बाबतीत जे झाले त्याचे कारण आतड्यात नसून यकृतात आहे, आणि ते चांगले सिद्ध झालेले आहे. क्लोझापीनचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृतातील सीवायपी १ए२ नावाचे विकर (एन्झाइम) करते. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमके हेच विकर अडवते. निचरा अडला की तीच गोळी, तीच वेळ असूनही रक्तातील औषध वाढत जाते. अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत क्लोझापीन द्यावे लागल्यास मात्रा एक तृतीयांशावर आणावी असे म्हटले आहे, यावरून या परिणामाची तीव्रता लक्षात येईल. (हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो, घरी गोळी मोडून अंदाजाने देऊ नये.) त्यात तापाची भर पडली. अंगात जोराचा संसर्ग असला की दाह वाढवणारी जी द्रव्ये रक्तात येतात, त्यांच्यामुळेही हे विकर मंदावते. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच वाटेवर दोन अडथळे उभे राहिले. सिगारेटच्या धुराने याच विकराचे काम वाढते, त्यामुळे नियमित धूम्रपान करणाऱ्या रुग्णाने ते अचानक सोडले तरी पातळी चढते. भाऊ धूम्रपान करत असेल तर हे लक्षात ठेवा. ते सोडणे चांगलेच, पण डॉक्टरांना आधी सांगून.

आता आपला मूळ प्रश्न. जीवाणू औषध साठवतात हे आपण वाचलेत ते खरे आहे. केंब्रिज येथील किरण पाटील आणि हायडेलबर्ग येथील युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीतील त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. आतड्यातील जीवाणूंचे २५ वाण आणि तोंडावाटे घेतली जाणारी १५ औषधे यांना एकत्र वाढवून पाहिले असता ७० जोड्यांमध्ये औषधाचे प्रमाण घटलेले आढळले. त्यांतील २९ जोड्या पूर्वी कोणाला ठाऊक नव्हत्या. विशेष म्हणजे या नव्या जोड्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी जीवाणूंनी औषधाचे रूपांतर केलेच नव्हते, ते जसेच्या तसे आपल्या पेशीत साठवले होते. नैराश्यावर दिले जाणारे ड्युलोक्सेटिन हे त्यांतील ठळक उदाहरण. ते जीवाणूंच्या आतील काही विकरांना चिकटते, त्यामुळे जीवाणू बाहेर टाकत असलेली द्रव्ये बदलतात, आणि त्या द्रव्यांवर जगणारे शेजारचे दुसरे जीवाणू वाढू लागतात. एका अतिशय लहान कृमीवर प्रयोग केला तेव्हा असे जीवाणू सोबत असताना ड्युलोक्सेटिनचा त्याच्या हालचालींवरील परिणाम वेगळा दिसला. मात्र हे सगळे काचपात्रातले आणि कृमीवरचे आहे. माणसाच्या रक्तातील ड्युलोक्सेटिन यामुळे किती घटते, त्यावरून मात्रा ठरवावी का, इथपर्यंत हे संशोधन अजून आलेले नाही.

जीवाणू औषधाचे खरोखर रूपांतर करतात याचे पुरावे मात्र जुने आहेत. हृदयविकारावरील डिगॉक्सिन काही लोकांच्या आतड्यात निष्क्रिय होते आणि अँटिबायोटिक दिल्यावर त्यांच्या रक्तातील पातळी चढते, हे १९८१ मध्येच दाखवले गेले. म्हणजे आपण जी शंका मांडली आहे ती क्लोझापीनच्या बाबतीत लागू होत नसली तरी डिगॉक्सिनच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली होती. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्क आणि दक्षिण भारत येथील निरोगी लोकांची तुलना झाली. न्यूयॉर्कमधील सुमारे ३६ टक्के लोकांच्या लघवीत ही निष्क्रिय रूपे सापडली, दक्षिण भारतीयांमध्ये सुमारे १४ टक्के, आणि आपल्याकडेही शहरी लोकांत ती खेड्यातील लोकांपेक्षा अधिक आढळली. परदेशातील आकडे आपल्या आतड्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने सांगतो.

मेंदूशी संबंधित औषधांत सर्वांत पक्के उदाहरण पार्किन्सनवरील लेव्होडोपाचे आहे. हे औषध मेंदूत पोहोचून तिथे त्याचे डोपामिन व्हावे अशी अपेक्षा असते. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जीवाणू ते आतड्यातच डोपामिनमध्ये बदलतो, आणि आतड्यात तयार झालेले डोपामिन मेंदूत जाऊ शकत नाही. आपल्या शरीरातील असे रूपांतर थांबवण्यासाठी लेव्होडोपासोबत कार्बिडोपा देतात, पण जीवाणूच्या विकरावर त्याचा परिणाम होत नाही. हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. आपल्याकडे झोपेसाठी सर्रास लिहून दिले जाणारे क्लोनाझेपामही याच यादीत येते: जीवाणू असलेल्या आणि नसलेल्या उंदरांची तुलना करून, रक्तात दिसणाऱ्या त्याच्या रूपांतरित घटकांमध्ये जीवाणूंचा वाटा किती, याचे मोजमाप येल विद्यापीठातील गटाने त्याच वर्षी केले.

---

पेट्रीपात्र

वर उत्तम उत्तर आले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, म्हणून उलट दिशेने होणाऱ्या परिणामाबद्दल लिहिते, कारण मनोविकारांच्या औषधांच्या बाबतीत मला तीच बाजू अधिक महत्त्वाची वाटते. जीवाणू औषधावर परिणाम करतात तसे औषधही जीवाणूंवर करते.

हायडेलबर्ग येथीलच २०१८ चे काम पाहा. बाजारात असलेली हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० प्रातिनिधिक वाणांवर तपासली गेली. जी औषधे जीवाणू मारण्यासाठी बनलेलीच नाहीत, त्यांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका वाणाची वाढ रोखली. त्यातही मनोविकारांवरील औषधे, विशेषतः अँटिसायकॉटिक (स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरील), ठळकपणे पुढे आली. त्यांची रासायनिक रचना एकमेकांहून बरीच भिन्न असूनही ती साधारण सारख्याच जीवाणूंना रोखतात, ही गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते.

खरे तर या क्षेत्रातील जुन्या लोकांना याचे आश्चर्य वाटू नये. क्लोरप्रोमाझिन हे जुने अँटिसायकॉटिक ज्या फेनोथायाझिन कुळातले आहे, त्याची सुरुवात मिथिलीन ब्लू या रंगापासून होते, आणि पॉल एर्लिक यांनी १८९१ मध्ये तो रंग हिवतापावर वापरून पाहिला होता. फेनोथायाझिन जीवाणूंची वाढ रोखतात यावर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सुजाता दस्तिदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चिकाटीने काम केले; त्या कामाची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही याची मला खंत वाटते. नैराश्यावरील पहिले औषध इप्रोनियाझिडही क्षयरोगाच्या औषधांतूनच आले: १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील क्षयरुग्णांना ते दिल्यावर त्यांची मनःस्थिती खुलल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले.

याचा रुग्णाच्या रोजच्या जगण्याशी संबंध येतो तो वजनवाढीपाशी. ओलान्झापीन हे अँटिसायकॉटिक सुरू झाले की अनेकांचे वजन झपाट्याने वाढते, आणि त्या एका कारणाने कित्येक जण औषध सोडतात. पूर्णपणे जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना ओलान्झापीन दिले तेव्हा त्यांचे वजन वाढले नाही. त्यांच्या आतड्यात जीवाणू सोडल्यावर ते वाढू लागले. आयर्लंडमधील कॉर्क येथे मोठ्या जातीच्या उंदरांना (रॅट) ओलान्झापीनसोबत अँटिबायोटिकचे मिश्रण दिले असता वजनवाढ कमी झाली. याचा अर्थ माणसांना अँटिबायोटिक द्यावे असा मुळीच होत नाही. पण वजन वाढलेल्या रुग्णाला "तोंडावर ताबा नाही" म्हणून जे घरोघरी ऐकवले जाते, ते बंद व्हायला एवढा पुरावा पुरेसा व्हावा.

---

कृष्णामाई

माझी मुलगी बायपोलर आजारासाठी लिथियम घेते. मी तज्ज्ञ नाही, परंतु जुलाब आणि औषध हा विषय आम्ही जवळून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

लिथियमचा निचरा मूत्रपिंडातून होतो, यकृताचा त्याच्याशी संबंध नाही. जुलाब-उलट्यांत पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात आणि त्याबरोबर लिथियमही अडकून राहते. सुरक्षित पातळीची मर्यादा फार अरुंद आहे, साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल प्रति लिटर, त्यामुळे दोन दिवसांच्या जुलाबांतही ती ओलांडली जाऊ शकते. आमच्या मुलीचे हात नेहमी थोडे थरथरतात, पण त्या वेळी तिला चहाचा कप बशीत ठेवता येईना आणि तिची जीभ जड झाली. डॉक्टरांनी तात्काळ लिथियम थांबवून रक्त तपासायला सांगितले. तेव्हापासून आमच्या घरी ओआरएसची पाकिटे आणि डॉक्टरांचा क्रमांक एकाच डब्यात असतात.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दुकानातून परस्पर आणून देऊ नये, त्यानेही लिथियम वाढते. जुलाबांवर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलनेही ते वाढल्याची नोंद आहे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. नीराकाठ ताई, आपल्याकडे जनरल डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. दोघांमधला दुवा घरच्या माणसालाच व्हावे लागते. शिवाय बरेचदा घरचेच लोक दवाखान्यात मानसिक आजाराची औषधे सांगायला संकोचतात. तो संकोच जिवावर बेतू शकतो, हे मी कळकळीने सांगते.

---

सदाफुली

सर्वांचे प्रतिसाद वाचले. प्रोबायोटिकबद्दलच्या प्रश्नावर मात्र कोणी लिहिले नाही. मला वाटते की त्याला सहज बाजूला सारू नये. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, नैराश्यावरील औषधाने पुरेसा आराम न मिळालेल्या ४९ जणांना चालू औषधासोबत आठ आठवडे प्रोबायोटिक किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली होती, आणि प्रोबायोटिक घेणाऱ्यांची लक्षणे अधिक कमी झाली. आतड्यातील जीवाणूंमुळे औषधाला साथ मिळू शकते, याचा हा माणसांवरचा पुरावा नव्हे का? महागड्या नव्या औषधांच्या तुलनेत हा उपाय कितीतरी सोपा आहे.

---

मनोविकार ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सदाफुली यांनी सांगितलेली चाचणी चांगली आहे आणि तिच्याबद्दल मलाही आशा वाटते. पण ती प्राथमिक चाचणी होती, हा उपाय लोकांना झेपतो का हे पाहणे हाच तिचा मुख्य हेतू होता, आणि ती नैराश्याच्या रुग्णांवर होती. स्किझोफ्रेनियात २०१४ मध्ये अमेरिकेत ६५ रुग्णांवर अशीच तुलना झाली. त्यात आजाराच्या लक्षणांत फरक पडला नाही. पोट साफ न होण्याच्या तक्रारी मात्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांत कमी राहिल्या. शिवाय प्रोबायोटिक हे काही एकच औषध नव्हे. लंडनच्या चाचणीतील मिश्रणात १४ वाण होते. दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये कोणते वाण आहेत हे पाकिटावर पाहिल्याशिवाय त्या चाचणीचा निष्कर्ष तिला लावता येत नाही.

नीराकाठ यांच्या भावासाठी आणखी एक बाब आहे. क्लोझापीनमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून आपण त्यांची नियमित तपासणी करून घेता. पेशी घटलेल्या असताना जिवंत जीवाणूंची कॅप्सूल देणे योग्य नाही. त्यामुळे ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. क्लोझापीन घेणाऱ्याला ताप आला तर तो साधा जुलाबाचा ताप आहे असे गृहीत न धरता त्याच दिवशी पेशींची तपासणी करावी, हेही येथे आवर्जून सांगतो.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणीच विचारत नाही, ती लिहितो. क्लोझापीन घेणाऱ्याच्या आतड्याबाबत माझी सर्वांत मोठी चिंता जीवाणूंची नसून बद्धकोष्ठाची असते. हे औषध आतड्याची हालचाल मंदावते. रुग्ण सहसा तक्रार करत नाही, घरच्यांना विचारायला अवघड वाटते, आणि आतडे पूर्ण बंद होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातून मृत्यू झालेले आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० च्या जानेवारीत याबाबतचा इशारा अधिक कडक केला. भावाला पोट साफ होते का, हे त्याला अवघडल्यासारखे वाटणार नाही अशा रीतीने नियमित विचारत जा. पोट फुगणे, दुखणे, उलट्या होणे यांतले काही दिसले तर थांबू नका. इसबगोल परस्पर सुरू करू नका. आतडे आधीच मंद असताना आणि पाणी कमी प्यायले जात असताना त्याने अडचण वाढू शकते. कोणते रेचक द्यायचे ते आम्ही ठरवून देतो.

अँटिबायोटिकबद्दलही एक यादी मनाशी असू द्या. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिन आणि क्वेटियापीन या मनोविकारांवरील औषधांची रक्तातील पातळी वाढते. पोटातील हेलिकोबॅक्टर या जीवाणूवर दिल्या जाणाऱ्या किटमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन असते, आणि त्याने उन्मादाची लक्षणे उद्भवल्याच्याही नोंदी आहेत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन उलट अनेक मनोविकार-औषधांची पातळी खाली आणते, इतकी की रुग्ण पुन्हा आजारी पडू शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड हे नैराश्यावरील एसएसआरआय गोळ्यांसोबत आले तर सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिल्यावर बायपोलर आजारातही वापरल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटची पातळी वेगाने कोसळते. यांपैकी एकाही बाबतीत आतड्यातील जीवाणूंवर बोट ठेवावे लागत नाही, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना आधी कळली तर टाळता किंवा सांभाळता येते.

---

नीराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पोट साफ होण्याबद्दल मी भावाला कधीच विचारले नव्हते. आज वडिलांना विचारायला सांगितले, तेव्हा तीन-तीन दिवस जात असल्याचे कळले. उद्याच डॉक्टरांना कळवते. दोन शंका उरल्या आहेत. क्लोझापीनची रक्तातील पातळी तपासता येते का? आणि दही-ताकाचे काय करावे?

---

मनोविकार ओपीडी

तीन दिवस जात असतील तर उद्याची वाट न पाहता आजच फोन करा. पोट फुगलेले किंवा दुखत असेल तर थेट रुग्णालयात न्या.

पातळी तपासता येते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा ती करतात आणि तालुक्याच्या ठिकाणाहूनही नमुना पाठवता येतो. शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी रक्त द्यायचे, म्हणजे रात्री गोळी घेतली तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी. साधारण ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पुढे औषधाचा गुण येण्याची शक्यता वाढते. भाऊ स्थिर असताना एकदा ही तपासणी करून कागद जपून ठेवला, तर पुढे गुंगी आली किंवा लक्षणे परतली तेव्हा तुलना करायला आधार मिळतो. हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दही आणि ताक खुशाल द्या. क्लोझापीनशी त्यांचे वैर नाही, आणि काकूंना तसे माझ्या वतीने सांगायला हरकत नाही. कॉफीचे मात्र वेगळे आहे: कॅफीन त्याच सीवायपी १ए२ विकरावर अवलंबून असते, त्यामुळे तो रोज जितकी कॉफी घेत असेल तितकीच घेऊ द्या, एकदम वाढवू किंवा तोडू नका.

---

मात्रा

एक पुरवणी. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना क्लोझापीनच्या पाकिटाचा नाव दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि "याच्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही" असे स्पष्ट शब्दांत सांगा. जुलाबांवर त्याला पर्याय आहेत, आणि बहुसंख्य जुलाबांना तर अँटिबायोटिक लागतही नाही. पाणी, मीठ-साखर आणि लक्ष ठेवणे एवढ्यावर ते बरे होतात.